तो रागावला असेल तर

"एखादं कबूल न केलेलं पाप राहिलंय का, जरा तपासून बघ." उपासना संपल्यावर अक्का एवढंच म्हणाल्या, पाठीवरून हात फिरवला आणि पुढे गेल्या. मायेनंच म्हणाल्या, म्हणून तर जास्त लागलं.

तपासून बघ! या वर्षी जे झालं, त्यानंतर रात्र रात्र दुसरं काय केलंय मी? जुन्या गोष्टी उकरून काढल्या, कबूल केल्या, पुन्हा कबूल केल्या. तरी प्रश्न तिथेच. देव माझ्यावर रागावलाय का? आणि रागावला असेल तर जायचं कुणाकडे?

देव रागावतच नाही असं म्हणून मोकळं होता येत नाही. दुसऱ्या शतकात मार्कियोन नावाच्या ख्रिस्ती शिक्षकानं तेच केलं होतं. बायबलच्या पहिल्या भागातला, जुन्या करारातला रागावणारा देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा, असं तो शिकवायचा. ख्रिस्ती मंडळीनं ते मानलं नाही, आणि बरंच झालं. लेकराचा छळ बघून ज्याला काही वाटत नाही, त्या देवापुढे मला रडताही आलं नसतं. यहुद्यांच्या सभास्थानात वाळल्या हाताचा माणूस समोर उभा, शब्बाथाच्या म्हणजे विश्रांतीच्या दिवशी त्याला बरं करावं का यावर बाकीचे गप्प. शुभवर्तमानात मार्क लिहितो, येशूनं त्यांच्याकडे रागानं पाहिलं, आणि त्यांच्या मनाच्या कठीणपणामुळे तो खिन्नही झाला. राग आणि खिन्नता एकाच नजरेत! आज ही ओळ कितीदा तरी वाचली.

यरुशलेमेतला शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का? नाही, असं येशू स्पष्ट सांगतो. हे अक्कांना दाखवावं असं फार वाटलं. पण तो तिथे थांबत नाही. पश्चात्ताप केला नाहीत तर तुमचाही तसाच नाश होईल, असं ऐकणाऱ्या सगळ्यांनाच म्हणतो. त्यात मीही आले.

म्हणजे पुन्हा भीतीच? संध्याकाळी जुन्या करारातल्या मीखा संदेष्ट्याचा सातवा अध्याय काढला. तो कारणं देत नाही. मी पाप केलंय, परमेश्वराचा राग मी सोसीन म्हणतो. कुठवर? तर परमेश्वर माझा वाद चालवून मला न्याय देईपर्यंत. जो रागावलाय, तोच माझी बाजू मांडणार! इतक्या सगळ्या रात्री मी वकील शोधत होते, आणि ज्याला भीत होते तोच तो. यिर्मया संदेष्ट्यानं देवाच्या ज्या क्रोधाच्या प्याल्याबद्दल लिहिलं, तसाच प्याला अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूपुढे आला. दूर कर म्हणाला, आणि तरी घेतला. मग माझ्या वाट्याला जे आलंय ते काय आहे? शिक्षा नसेल. शिस्त असेलही. आज एवढंच कळतंय, आणि एवढ्यावर झोप लागेल असं वाटतंय.

अक्कांच्या बोलण्यातलं नेमकं काय लागलं, तेही आत्ता उमगलं. त्यांनी तपासायला सांगितलं, पण जवळ बसल्या नाहीत. लोकांनी सोन्याचं वासरू करून पूजलं, तेव्हा देवाचा राग त्यांच्या पुढाऱ्याला, मोशेला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळला होता. त्यानं लोकांना खडसावलं, आणि मग वर जाऊन म्हणाला, यांना क्षमा करणार नसशील तर तुझ्या पुस्तकातून माझंही नाव खोडून टाक. निनवे शहराला नाशाचा इशारा देणारा योना संदेष्टा मात्र शहराबाहेर पूर्वेला मांडव घालून बसला, त्याचं काय होतंय ते बघत. आत 1,20,000 हून जास्त माणसं होती. रागाची बातमी दोघांनाही ठाऊक होती.

आणि अब्राहाम? इतके नीतिमान सापडले तर सदोम शहराचा नाश करू नकोस, असं देवाला 50 वरून विनवत विनवत 10 वर आला, आणि थांबला. देव तर एकदाही नाही म्हणाला नव्हता. आणखी खाली का नाही आला तो? मी एकापर्यंत विचारत गेले असते, असं आज तरी वाटतंय.