आयव्हीचे पान आणि वाळण्याची वाट

एडिनबरात नोव्हेंबरच्या अखेरीस दुपारी पावणेचारलाच सूर्य मावळतो. त्यामुळे शनिवारची माझी कार्यशाळा सकाळी दहाला सुरू होऊन तीनला संपते. आमच्या वस्तीतल्या सार्वजनिक सभागृहात दहा-बारा जण येतात. त्यांतले बहुतेक निवृत्त असतात आणि बहुतेकांनी शाळा सुटल्यापासून ब्रश हातात धरलेला नसतो. विषय एकच असतो, तो म्हणजे वनस्पतीचे जलरंगातले शास्त्रशुद्ध चित्र: खऱ्या मापाचे, पांढऱ्या कागदावरचे, पार्श्वभूमी नसलेले.

पहिल्या वर्षी मी फेब्रुवारीत स्नोड्रॉपची फुले ठेवली होती आणि तिथेच फसले. बाहेरच्या थंडीत मिटलेली ती फुले हीटरच्या उबेने तासाभरात उमलली. डिव्हायडरने (आपल्या कंपासपेटीतलाच तो) पाकळ्यांची मापे घेऊन काढलेली सगळ्यांची रेखाटने त्यामुळे बाद झाली. शिवाय पांढऱ्या कागदावर पांढरे फूल काढायचे म्हणजे फक्त त्याच्या सावल्या रंगवायच्या, आणि नवशिक्यांना पहिल्याच दिवशी हे सांगणे हा शुद्ध छळ होता.

आता मी आयव्हीचे पान देते. ही वेल इथे प्रत्येक जुन्या दगडी भिंतीवर असते, पान चामड्यासारखे जाड असते आणि दिवसभर टेबलावर पडून राहिले तरी मान टाकत नाही. यंदा एका आजोबांनी स्वतःच्या बागेतून दोन पाने आणली होती. एक नेहमीचे पाच टोकांचे होते, तर दुसऱ्याला एकही खाच नव्हती. चुकून दुसऱ्याच झाडाचे पान तोडले, म्हणून ते माझी माफी मागू लागले. प्रत्यक्षात दोन्ही पाने एकाच वेलीची होती, कारण आयव्हीच्या चढणाऱ्या कोवळ्या फांद्यांना खाचांची पाने येतात आणि वेल प्रौढ होऊन फुलायला लागली की तिच्या फुलणाऱ्या फांद्यांवरची पाने साधी, अखंड कडांची होतात. मग त्यांनी हट्टाने दोन्ही पाने शेजारी शेजारी काढली आणि माझा अर्धा तास वाचवला, कारण अशी चित्रे कशासाठी काढतात हे मला वेगळे सांगावे लागले नाही.

रेखाटन सगळ्यांना बऱ्यापैकी जमते. खरी अडचण पाण्याची असते. गुळगुळीत, जाड (चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाच्या) सुती कागदावर आधी स्वच्छ पाण्याचा हात द्यायचा, कागदाची चमक जरा मंदावली की त्यात फिकट निळा सोडायचा आणि मग थांबायचे. हा निळा म्हणजे चकचकीत पानावर पडलेले आकाश असते आणि पान कितीही हिरवे झाले तरी तो शेवटपर्यंत राखावा लागतो. पानाच्या फिकट शिराही रंगवायच्या नसतात. त्या वाचवायच्या असतात, म्हणजे दोन शिरांमधला एकेक कप्पा स्वतंत्र भरायचा आणि त्याचा शेजारी पूर्ण वाळल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. अर्धवट ओल्या रंगात ब्रशमधले थेंबभर पाणी पडले तरी कडा फुटून झालरीदार डाग उठतो. इंग्रजीत त्या डागाला चक्क फुलकोबी म्हणतात, आणि पहिल्या दिवशी आमच्या वर्गात फुलकोबीचे पीक भरघोस येते.

पुण्यात इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी रंगवताना मला नेमकी उलटी सवय लागली होती. मे महिन्यात तिथे रंग ब्रशवरच वाळायचा, म्हणून हात पळवावा लागे. इथल्या ओलसर हवेत एक थर वाळायला दहा-पंधरा मिनिटे सहज जातात आणि ती दहा मिनिटे गप्प बसणे कोणालाच जमत नाही. एका निवृत्त परिचारिकाबाईंनी हेअर ड्रायर आणला होता. वाऱ्याच्या झोताने ओला रंग कडेला ढकलला जातो, म्हणून मी तो पिशवीत परत ठेवायला लावला. त्यावर त्या म्हणाल्या, ‘चाळीस वर्षे मी रुग्णांना धीर धरायला सांगत आले, आता माझी पाळी आली!’

वाळण्याच्या त्या वेळातच मी त्यांना दापोडीची गोष्ट सांगते. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेतल्या झाडांची चित्रे १८४७ ते १८५० या काळात अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टराने काढून घेतली होती. हा डॉक्टर मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षकही होता. ती दीडशेहून अधिक चित्रे आज आमच्या सभागृहापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एडिनबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात आहेत. गिब्सनचे नाव राहिले, पण ज्याने ती रंगवली त्या भारतीय-पोर्तुगीज चित्रकाराचे नाव नोंदवायचे मात्र कोणाला सुचले नाही. मी छापील प्रती टेबलावर फिरवते तेव्हा माझे विद्यार्थी फुलांचे कौतुक करतात. मी मात्र दरवेळी पानांकडे बघते आणि दापोडीच्या उन्हात या माणसाने ओला थर इतका वेळ ओला कसा ठेवला असेल, याचा विचार करते.

अडीचच्या सुमारास खिडकीतला उजेड निळसर होतो आणि कोणीतरी हमखास ट्यूबलाइट लावते. त्या उजेडात सकाळचे सगळे हिरवे रंग खोटे दिसू लागतात, म्हणून मी ब्रश धुवायला सांगते. यंदा परिचारिकाबाईंचा शेवटचा कप्पा अजून ओला होता. त्यांनी तो कागद बोर्डासकट चहाच्या ट्रेसारखा दोन्ही हातांत आडवा धरला आणि बसमध्ये चढताना आपला पास काढून दाखवायला चालकालाच त्यांच्या खिशात हात घालायला सांगितले.