मॉलचे छप्पर आणि बसायची जागा

रविवार, रात्री

सकाळी भाचीचा फोन आला होता. ती ओहायो राज्यात, क्लीव्हलंडच्या एका उपनगरात राहते. तिच्या घराजवळच्या मॉलमधले मोठे डिपार्टमेंट स्टोअर बंद होत आहे. कपड्यांवर सवलतीच्या पाट्या आधीच लागल्या होत्या. आता कपडे अडकवायचे स्टँड, आरसे, इतकेच नव्हे तर काचेमागच्या पुतळ्यांच्या मनगटालाही किमतीच्या चिठ्ठ्या बांधल्या आहेत. "मावशी, बर्फ पडायला लागल्यावर सकाळी तिथे चालायला येणारे आजी-आजोबा आता कुठे जातील गं?" या तिच्या प्रश्नाने दिवसभर माझा पिच्छा सोडलेला नाही.

एका दुकानाने सारा मॉल कसा ओस पडतो, हे तिच्याकडूनच नीट समजले. मोठ्या दुकानाच्या ओढीने गिऱ्हाईक येते आणि त्याच्यावर छोटी दुकाने जगतात. म्हणून मोठे दुकान गेल्यास भाडे कमी द्यायची किंवा जागा सोडायची मुभा छोट्यांच्या करारातच अनेकदा लिहिलेली असते. अशा मोठ्या दुकानांच्या साखळ्या चालवणाऱ्या सिअर्सने २०१८ मध्ये आणि जेसी पेनीने २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा त्यांच्यामागे असे कितीतरी मॉल खचले. ऑनलाइन खरेदी हे एक कारण आहेच, पण गरजेपेक्षा जास्त बांधलेले मॉल आणि कंपन्यांच्या डोक्यावरचे कर्जही तितकेच कारणीभूत आहे. क्लीव्हलंडजवळच नॉर्थ रँडल गावात १९७६ मध्ये सुरू झालेला रँडल पार्क मॉल २००९ मध्ये बंद पडला आणि २०१८ पासून त्याच जागेवर अ‍ॅमेझॉनचे गोदाम आहे. गोदामात कोण कशाला फिरायला जाईल?

मला अधिक वाईट वाटते ते व्हिक्टर ग्रुएनचे. व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेल्या या वास्तुरचनाकाराने १९५६ मध्ये मिनेसोटातील इडायना येथे साउथडेल हा पूर्ण छताखालचा, वातानुकूलित मॉल उभा केला. मोटारीवाचून पान न हलणाऱ्या उपनगरांना चौक मिळावा, भोवती घरे, शाळा आणि दवाखाने असावेत, अशी त्याची कल्पना होती. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी दुकाने तेवढी उभी राहिली, आणि भोवती वाहनतळाचे मैदान.

आपल्याकडेही २०२२ मध्ये देशभरातली बिग बझारची दुकाने बंद झाली. आमच्या बडोद्यात मांडवी, रावपुरा किंवा मंगळ बाजाराच्या आसपास राहणाऱ्याला असल्या बातमीचे फारसे काही वाटत नाही, कारण तिथे शेकडो मालकांची शेकडो दुकाने आहेत आणि एकाने शटर ओढले तरी बाजार चालूच राहतो. शिवाय संध्याकाळी सूरसागर तलावाच्या काठावर बसायला कोणाची परवानगी लागत नाही. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये कमाटीबाग केली, ती आजही सगळ्यांची आहे. मांजलपूर किंवा वासणा-भायलीकडच्या नव्या सोसायट्यांचे मात्र तसे नाही. तिकडे राहायला गेलेल्या माझ्या वयाच्या कितीतरी बायका वैशाखात दुपारी मॉलमध्ये जाऊन बसतात. त्या काही विकत घेत नाहीत. गारव्यात चार शब्द बोलतात आणि उन्हे उतरली की घरी जातात. त्या बाकावर त्यांचा हक्क कसलाच नाही, आणि मालकाने कुलूप लावले तर विचारणार कोणाला?

गुजरातेत टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना, आखताना बाग, शाळा आणि इतर सार्वजनिक कामांसाठी जमीन राखून ठेवतात. तशाच एखाद्या भूखंडावर महानगरपालिकेने उंच छपराची, वारा खेळता राहील अशी मंडई बांधावी, असे मला मनापासून वाटते. तिथे भाजीवाल्यांना ओटे असावेत, प्यायला पाणी असावे, स्वच्छतागृह असावे आणि म्हाताऱ्या माणसांसाठी पाठ टेकता येतील असे बाक असावेत. उद्या आमच्या प्रभागाच्या नगरसेवकांना तसे सविस्तर पत्र लिहिणार आहे, आणि मांजलपूरच्या मैत्रिणींच्या सह्याही त्यावर घेणार आहे.