रामन यांनी नाही म्हटलं ते मुलांना सांगायचं का?

मुलांना शास्त्रज्ञांच्या गोष्टी सांगायच्या म्हटलं की आपला साठा ठरलेला, न्यूटनचं सफरचंद, एडिसनचा बल्ब, कलाम साहेबांचं पेपर टाकणं. त्यात वाईट काही नाही, पण आमच्या कॉलनीतली पोरं आता अर्ध्यातच "काकू, माहितीये" म्हणतात आणि विषय खलास. म्हणून यंदा विज्ञान दिनाच्या आसपास मी बायोकेमिस्ट कमला सोहोनींची गोष्ट काढली. बाई आपल्या इंदूरच्या, 1911 चा जन्म, माहेरच्या भागवत, म्हणजे लेखिका दुर्गाबाईंची धाकटी बहीण. इथल्या मराठी घरांत दुर्गाबाई माहीत असतात, कमलाबाई कोण विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

मुंबईतून बीएस्सी पहिल्या नंबरानं झाल्यावर 1933 मध्ये त्यांनी बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला अर्ज केला, वडील आणि काका दोघंही तिथेच शिकलेले त्यामुळे घरी सगळं गृहीतच धरलेलं, आणि डायरेक्टर सर सी. व्ही. रामन यांनी चक्क नाही म्हटलं, कारण काय तर मुलगी आहे. ही बाई उठून बंगलोरला गेली आणि कारण द्या म्हणून अडून बसली. शेवटी प्रवेश मिळाला पण अटींवर, पहिलं वर्ष रेग्युलर विद्यार्थिनी नाही आणि हिच्यामुळे मुलांचं लक्ष विचलित व्हायला नको वगैरे. ही शेवटची अट ऐकून आमच्या मुलींनी जे तोंड केलं ते बघण्यासारखं होतं!

खरी गंमत पुढे. एका पोरानं शाळेसाठी नुकतंच रामन यांचं पोस्टर केलेलं, 28 फेब्रुवारी 1928, रामन इफेक्ट (प्रकाश विखुरताना त्यातल्या थोड्याचा रंग बदलतो तो), नोबेल, सगळं. त्यानं विचारलं, "मग रामन वाईट होते का?" नंतर एका आईचाही मेसेज आला की लहान मुलांना हे कशाला सांगायचं. मला वाटतं सांगायचंच. शोध खरा आणि नकारही खरा, दोन्ही एकाच माणसाचे, आणि मुलांना हे आपल्यापेक्षा लवकर पचतं. वर्षभर काम बघून रामन यांचं मत बदललं, मुलींना दार उघडलं, पुढे 1940 च्या सुमारास अ‍ॅना मणी, नंतर हवामानशास्त्रज्ञ झालेल्या, त्यांच्याच लॅबमध्ये हिऱ्यांवर काम करत होत्या (याच अ‍ॅनानं आठव्या वाढदिवसाला हिऱ्याच्या कुड्या नको, एन्सायक्लोपीडिया द्या म्हटलं होतं). कमलाबाई मात्र तो अपमान विसरल्या नाहीत, म्हातारपणीही जाहीरपणे बोलल्या. "म्हणजे माफ नाही केलं?" नाही केलं, बेटा.

मग पुढची गोष्ट, केंब्रिज. तिथे त्यांना बटाट्यात सायटोक्रोम सी सापडलं, पेशीच्या श्वसनात लागणारं प्रोटीन, म्हणजे बटाटासुद्धा श्वास घेतो हे पोरांना प्रचंड आवडलं. 1939 मध्ये पीएचडी, आणि थिसिस फक्त 40 पानांचा, हे ऐकून प्रोजेक्टच्या नावानं रडणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. परत आल्यावर नीरा, डाळी, कुपोषण अशी कामं, आणि नंतर ग्राहक चळवळीत भेसळीविरुद्ध.

भेसळ शब्द निघाल्यावर सराफ्याच्या, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजाराच्या गावात मावा आठवणारच. मेडिकलमधून टिंक्चर आयोडीन आणलं, मावा थोड्या पाण्यात उकळून थंड केला आणि दोन थेंब टाकले, निळं झालं तर स्टार्च मिसळलाय. आमचा मावा शुद्ध निघाला, पोरं जरा निराशच झाली, मग पोळी, तांदूळ, बटाटा, जे सापडेल त्यावर आयोडीन. बटाटा काळानिळा झाल्यावर एकीनं विचारलं, हेच का कमलाबाईंचं ते सायटोक्रोम? नाही, हा स्टार्च. सायटोक्रोम ओळखायला प्रकाशाचे पट्टे बघावे लागतात, स्पेक्ट्रोस्कोप लागतो. साधा स्पेक्ट्रोस्कोप जुन्या सीडीच्या तुकड्यातून आणि पुठ्ठ्याच्या डब्यातून होतो, त्यात सायटोक्रोम नाही दिसणार पण ट्यूबलाइटचे रंग वेगळे वेगळे दिसतात. येत्या रविवारी तोच करायचाय, तेव्हा कुणाकडे जुन्या सीडी पडून असतील तर पाठवा.