वेळासला जाताय? एक मुक्काम जास्तीचा ठेवा

मार्चमधला शनिवार, संध्याकाळचे सहा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या पुळणीवर, कासवाची पिल्लं समुद्रात जाताना पाहायला, शंभर-दीडशे माणसं दोरीमागे उभी होती. घरटी राखणाऱ्या कासवमित्रांनी हॅचरीत, म्हणजे अंडी जपायच्या कुंपणात, जाऊन एकेका घरट्यावरची टोपली उचलली, वाकून पाहिलं, पुन्हा पालथी घातली. शेवटची टोपली झाल्यावर एक काका दोरीजवळ आले नि म्हणाले, "आज एकपण नाय. उद्या सकाळी सातला या."

लगेच कुरकुर सुरू झाली. इतका लांबचा प्रवास, मुलांना काय सांगायचं, वगैरे. बरेच जण तिथूनच परत फिरले. माझा दहा वर्षांचा लेकही हिरमुसला. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते: एका दिवसात जाऊन येण्याचा बेत आखू नका. दोन रात्री राहा, म्हणजे पाहणीच्या तीन-चार वेळा मिळतात. त्यातही पिल्लं दिसतीलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

का, ते काकांनीच समजावलं. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी रात्री भरतीरेषेच्या वर येते, हातभर खोल खड्डा करते, शंभरच्या आसपास अंडी घालते आणि वाळू सारखी करून निघून जाते. पुन्हा ढुंकूनही बघत नाही. पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. थंडी लांबली की दिवस वाढतात. नर होणार की मादी, हेही वाळूच्या उबेवरच ठरतं. वाळू जास्त तापली की माद्या जास्त. मग तारीख कोण सांगणार?

एके काळी इथली अंडी माणसंच उकरून न्यायची. उरलेली कोल्ही-कुत्री फस्त करायची. २००२ मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. सापडलेली अंडी उचलून कुंपणात तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवायची, अशी ही पद्धत. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला आणि पाहुण्यांमुळे घरोघरी चार पैसे येऊ लागले. जानेवारी २०२२ मध्ये इथे अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पाठीवर, ती कुठे जाते ते उपग्रहावरून कळावं म्हणून, सॅटेलाइट टॅग बसवला, तिचं नाव 'प्रथमा' ठेवलं.

रविवारी पहाटे सुरूच्या बनातून अंधारातच निघालो. टॉर्च जमिनीकडे धरायची, तीही गरजेपुरती. पिल्लं उजेडाच्या रोखाने जातात, त्यांना समुद्रावरचा उजेडच दिसायला हवा. दुसऱ्याच टोपलीखाली वाळू वाटीसारखी खचली होती. "आली," काका पुटपुटले. आधी एक काळपट नाक, मग एक वल्ह्यासारखा पाय, आणि बघता बघता खड्डा वळवळायला लागला. त्रेचाळीस निघाली.

ती पाण्यात नेऊन सोडत नाहीत. पाण्यापासून काही अंतरावर ओल्या वाळूवर ठेवतात, पुढचं अंतर त्यांनी स्वतः कापायचं. पावलाच्या ठशातला खळगासुद्धा त्यांना दरीएवढा. एक पिल्लू अशा ठशात पडलं, चारदा धडपडून काठावर आलं, पहिल्या लाटेने पुन्हा मागे फेकलं, दुसरीने उचललं. लेकाने माझा हात इतका घट्ट धरला होता की नखं रुतली. शेजारच्या एकाने फोटोसाठी फ्लॅश मारला आणि दोन पिल्लं थबकून आमच्याकडे वळली. मला फार वाईट वाटलं. फ्लॅश आधीच बंद करून ठेवा. हात तर लावूच नका. हे कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे.

जाण्याचं सांगायचं तर पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळामार्गे हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याला पोचायचं, फेरीबोटीत गाडी चढवून सावित्रीची खाडी ओलांडायची, मग बाणकोटवरून वेळास. शेवटची फेरी कधी ते आदल्या दिवशी विचारून घ्या. पेट्रोल आधीच भरा, रोख पैसे ठेवा. गावात राहायचं ते लोकांच्या घरी, त्यामुळे फोन केल्याशिवाय जाऊ नका. जेवण साधं नि गरम. फेब्रुवारी ते एप्रिल हा हंगाम. महोत्सवाच्या तारखा दरवर्षी बघून घ्या आणि जमलं तर मधल्या वारी जा. दुपारी नाना फडणवीसांचं स्मारक आणि बाणकोटचा किल्ला होतो.

आणखी एक. कोकणात कुठेही गेलात तरी पुळणीवर गाडी घालू नका. कासवं फक्त वेळासलाच येत नाहीत; अंजर्ले, गुहागर, अनेक किनाऱ्यांवर येतात. न सापडलेलं घरटं चाकाखाली दाबलं जातं नि कुणाला कळतही नाही. खेकड्यांची बिळं, टिटवीसारख्या पक्ष्यांची उघड्यावरची अंडी, सगळं त्याच वाळूत असतं.

गर्दी पांगल्यावर लेक हॅचरीपाशीच रेंगाळला. काकांनी त्या घरट्यात कोपरापर्यंत हात घातला आणि टरफलं काढून मोजायला घेतली. तळाशी दोन पिल्लं अडकलेली होती, दमलेली. त्यांनी ती ओल्या वाळूच्या टबात ठेवून वर फडकं टाकलं. "ह्यांना संध्याकाळी," म्हणाले. संध्याकाळी आम्ही माणगावच्या पुढे होतो. सहा वाजले तसं लेकाने घड्याळात पाहिलं आणि म्हणाला, "आई, आता सोडली असतील."