तुम्ही विचारलंत म्हणून : रोमहून एकट्याने ओर्व्हिएतो

‘रोममध्ये एक दिवस मोकळा आहे. गाडी चालवायची नाही, सोबत कुणी नाही. डोंगरावरचं एखादं गाव बघून रात्रीपर्यंत परत येता येईल का?’ येईल. ओर्व्हिएतोला जा. चिव्हिता दी बान्योरेज्जो फोटोत जास्त देखणं दिसतं, कबूल. पण तिथे सगळा दिवस मोजक्या बसगाड्यांवर टांगलेला राहतो. ओर्व्हिएतोच्या पायथ्याशी रेल्वे स्टेशन आहे आणि स्टेशनासमोरच वर जाणारी फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी डोंगरगाडी.

रोमा तेर्मिनीहून रेजोनाले, म्हणजे साधी गाडी, साधारण सव्वा ते दीड तास घेते. या गाडीचं भाडं ठरलेलं असतं, आरक्षण नसतं, त्यामुळे आधीपासून तिकीट काढून ठेवण्यात काही फायदा नाही. चुका होतात त्या वेगळ्याच. फलकावर ‘ओर्व्हिएतो’ शोधत बसू नका. तिथे गाडीचं शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा फिरेंझे, म्हणजे फ्लॉरेन्स. फलाटाच्या आकड्यापुढे ‘एस्ट’ असेल तर तो फलाट मुख्य स्टेशनापासून आठ-दहा मिनिटं चालत आहे, तेव्हा शेवटच्या क्षणी पोहोचू नका. कागदी तिकिटावर गाडीत चढण्यापूर्वीच फलाटाजवळच्या यंत्रात शिक्का मारायचा. तिकीट खिशात असूनही दंड होतो तो याचमुळे. आदल्या रात्री ‘शोपेरो’ म्हणजे संप नाही ना, तेही बघा. संप असला तरी कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक गाड्या सोडाव्या लागतात, त्यामुळे दिवस अगदीच वाया जात नाही.

फ्युनिक्युलर दोन-तीन मिनिटांत पिआत्सा काहेनला सोडते. शेवटच्या फेरीची वेळ वर जातानाच वाचून ठेवा. तिथून दुओमो, म्हणजे कॅथीड्रल, कोर्सो काव्हूरने चालत पंधरा-वीस मिनिटं. छोटी बसही आहे. चालत जाणं बरं, फक्त बूट जाड तळाचे हवेत. दगडी फरसबंदी पावसात साबणासारखी होते.

सकाळी दुओमो आतून बघा. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा शक्यतो दुसरा वार निवडा. १२९०मध्ये पाया घातलेल्या या इमारतीवरचे आडवे पट्टे पांढऱ्या ट्रॅव्हर्टाइनचे आणि काळ्या बेसॉल्टचे आहेत. तो काळा दगड सह्याद्री बघितलेल्या डोळ्यांना लगेच ओळखीचा वाटतो. आत सान ब्रित्सिओ चॅपेलमध्ये लुका सिन्योरेल्लीची १४९९ ते १५०४ या काळातली भित्तिचित्रं आहेत. बाहेर दर्शनी भागाच्या चार खांबांवरचं कोरीवकाम बहुतेक लोक मान वर करून सोनेरी मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेली चित्रं, बघण्याच्या नादात सोडून देतात. अगदी डावीकडच्या खांबाजवळ उभे राहा: झोपलेल्या आदमच्या कुशीतून देव बरगडी काढतोय. मोझेकसाठी दुपारी चारनंतर परत या. दर्शनी भाग पश्चिमेकडे असल्यामुळे सकाळी तो सावलीत, मंद असतो.

गावाखालच्या गुहा फक्त वाटाड्याबरोबरच बघता येतात, तासभर लागतो. इंग्रजी फेऱ्या ठरलेल्या वेळी असतात. दुओमोच्या चौकात पोहोचल्याबरोबर आधी ती वेळ विचारा. हा डोंगर टफचा, म्हणजे घट्ट झालेल्या ज्वालामुखीय राखेचा. तो सहज खोदता येतो, म्हणूनच खाली हजारावर गुहा आहेत. काहींच्या भिंतींत कबुतरं पाळायला चौकोनी खोबण्या कोरल्या आहेत. पाळायची अर्थात खायला. वाट काही ठिकाणी अंगाला घासते, कोंडल्यासारखं होत असेल तर हे टाळा.

जेवण साडेबारा ते दोनच्या आत. अडीचला स्वयंपाकघर बंद झालं की सातपर्यंत सँडविचवरच भागवावं लागतं. एकट्याने आत शिरायचा संकोच नको; ‘पेर उनो’, म्हणजे एकासाठी, म्हटलं की टेबल मिळतं. बिलात ‘कोपेर्तो’ दिसला तर चिडू नका, तो बसण्याचा आकार आहे. उंब्रिकेल्ली हा इथला जाड शेवयांसारखा पास्ता, पीठ आणि पाण्याचा, बहुधा बिनअंड्याचा. शाकाहारी असाल तर सॉसमध्ये ‘ग्वान्चाले’, म्हणजे डुकराचं मांस, नाही ना हे विचारा. कडक पाळणाऱ्यांनी वरचं चीजही नको म्हणावं. पार्मेझानमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं द्रव्य, असतं.

सान पात्रित्सिओची विहीर शेवटी, कारण ती फ्युनिक्युलरच्या शेजारीच आहे. हिवाळ्यात मात्र ती लवकर बंद होते, तेव्हा क्रम उलटा करा. १५२७मध्ये रोम लुटलं गेल्यावर पोप सातवा क्लेमेंट इथे आश्रयाला आला. वेढा पडला तर पाण्याचं काय, या धास्तीने त्याने ही विहीर खोदायला लावली. ती पुरी झाली १५३७मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. खोली सुमारे ५३ मीटर. आपल्या बारवेत उतरायचं नि चढायचं त्याच पायऱ्यांनी. इथे विहिरीभोवती दोन वेगळे गोल जिने एकमेकांत गुंफलेत. एकाने खेचर रिकामं उतरायचं, तळाचा छोटा पूल ओलांडून दुसऱ्याने पाणी घेऊन वर यायचं, समोरासमोर गाठच नाही. खेचरांसाठी केल्यामुळे पायऱ्या ठेंगण्या आणि रुंद आहेत. तरी उतरायला २४८, चढायलाही तेवढ्याच. तळाशी गारवा आणि ओल असते. घामेजलेल्या अंगाने जाताना वरून काहीतरी घाला आणि भिंतीच्या बाजूने चाला.

वर आल्यावर लगेच गाडीसाठी धावायची वेळ येऊ देऊ नका, अर्धा तास हाताशी ठेवा. बाजूलाच जुन्या किल्ल्याची बाग आहे. कठड्याजवळ पालिया नदीचं खोरं बघत बसायला बाक आहेत आणि फ्युनिक्युलर दोन पावलांवर.