प्यायलीस की नुसता धरलास?

आमच्या घरात एक प्रश्न पिढीजात आहे. लग्नाला जाऊन न जेवता परतलेल्या, नाटकाच्या मध्यंतरात पळून आलेल्या, सहलीला जाऊन बसमध्येच झोपून राहिलेल्या माणसाला बाबा विचारतात, "प्यायलास की नुसता धरलास?"

प्रश्नाचं मूळ १८९० सालातलं. त्या ऑक्टोबरात गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे पती आणि खोड्या काढण्यात पटाईत गृहस्थ, यांनी पुण्यातली बडी मंडळी पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये जमवली. रानडे होते, टिळक होते, तरुण गोखलेही होते. समोर चहा-बिस्किटं आली. काहींनी चहा घेतला, काहींनी यजमानांचा मान राखायला कप नुसता हातात धरला. गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि गावात ग्रामण्य, म्हणजे धर्म बाटवल्याबद्दल जातीबाहेर टाकण्याचं प्रकरण, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. कोण प्यायलं आणि कोणी नुसता धरला, याचा खल जाणत्या माणसांनी गंभीरपणे केला. रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. टिळकांनी आपण ते काशीला आधीच उरकल्याचं सांगितलं.

ही गोष्ट हसत हसत ऐकत मोठी झालेली मी, घराजवळच्या चर्चच्या फाटकावरून तीस वर्षं रोज जात होते आणि आत एकदाही गेले नव्हते. कुणी अडवलं नव्हतं. या म्हणून बोलावलंही नव्हतं. पण खरं सांगायचं तर मनात आलंच नाही. त्या भिंतीशी माझा संबंध एवढाच, की तिथे स्कूटरला सावली मिळते.

मग ऑक्टोबरच्या सुरुवातीला फाटकावर कागद लागला: 'झाडं, पक्षी आणि गप्पा. शनिवारी दिवसभर. सर्वांचं स्वागत.' चार ऑक्टोबर हा असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण. आठशे वर्षांपूर्वी पाखरांना प्रवचन दिलं म्हणून ज्यांची आठवण काढतात, ते हे. त्या सुमाराला बरीच चर्चेस झाडा-पाण्याचे कार्यक्रम करतात. मला हे सगळं नंतर कळलं. त्या दिवशी मी गेले ती 'गप्पा' या शब्दाला भुलून. पुण्यात गप्पांसाठी दिवस जाहीर करावा लागतो, याची गंमत वाटली आणि थोडं वाईटही.

दारातच पहिला पेच पडला. चपला काढायच्या की नाही? माझ्यासारखे पाच-सहा जण एक पाय चपलेत आणि एक बाहेर, अशा अवस्थेत उभे होते. शेवटी पाळकसाहेब स्वतः आले. "आवारात कशाला काढताय? काटे आहेत," म्हणाले. तिथेच निम्मं अवघडलेपण गेलं.

आत बुचाची झाडं होती. सरळसोट, उंच, आणि खाली पांढऱ्या फुलांचा सडा. रात्रभर पडलेली फुलं मुलं वेचत होती. एक आजी दोऱ्याशिवाय नुसते देठ एकमेकांत अडकवत वेणी घालायला शिकवत होत्या. मला लहानपणी हे यायचं. बोटांना तीन फुलांपर्यंत आठवलं, चौथ्याला सुटलं.

गप्पांचा नियम एकच होता, ओळखीच्या माणसाशेजारी बसायचं नाही. मी एका बाकावर बसले. शेजारी शाळेतून निवृत्त झालेल्या विज्ञानाच्या बाई होत्या, जन्मापासून याच चर्चच्या मंडळीतल्या. त्यांनी नाव विचारायच्या आधी वर बघायला लावलं. मनोऱ्याच्या वळचणीला पाकोळ्यांची घरटी होती. "पाकोळ्या फांदीवर बसूच शकत नाहीत," बाई म्हणाल्या. "चारही बोटं पुढेच वळलेली. उडायचं, नाहीतर भिंतीला लटकायचं." त्याच मनोऱ्यात गव्हाणी घुबडाची जोडी आहे. अपशकुनी म्हणून हाकलायचा आग्रह झाला होता, तेव्हा बाईंनी घुबडाने ओकून टाकलेले गोळे चहाच्या बशीत घेऊन बैठकीत फोडून दाखवले. आत उंदरांच्या कवट्या. एकेका गोळ्यात दोन-तीन. आवारातल्या घुशी-उंदरांचा बंदोबस्त कोण फुकट करतं, हे कळल्यावर विषय मिटला.

आमच्या बाकावर मग एक तरुण आला. अभ्यासू, तळमळीचा, खांद्याला दुर्बीण. फाटकाजवळच्या प्रचंड वर्षावृक्षाकडे बोट दाखवून म्हणाला, "हे मुळात आपलं झाडच नाही. दक्षिण अमेरिकेकडचं. अशी परदेशी झाडं हळूहळू काढायला हवीत." त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. देशी झाडावर जितके किडे-पाखरं पोसली जातात, तितकी परक्या झाडावर बहुधा नाही. पण 'आपलं नाही' हे शब्द त्या आवारात जरा जास्तच मोठ्यानं वाजले. बाकावरचे दोघं-तिघं एकदम आपापल्या कपात बघू लागले.

बाईंनी चष्मा पुसला. "अरे बाळा, शनिवारचा उपास ना तुझा? हातात काय आहे?"

"साबुदाणा वडा."

"साबुदाणा ज्या कंदाचा, तो तिकडचाच. बटाटा तिकडचा. शेंगदाणा तिकडचा. मिरचीसुद्धा. तुझा अख्खा उपास या झाडाचा गाववाला आहे." आणि मग अगदी मायेनं, "खा, गार होतोय."

तो हसला. आम्ही सगळेच हसलो. पुढे अर्धा तास तो आणि बाई मोकळ्या जागेत काय लावायचं यावर भांडत होते. तो करंज म्हणत होता, बाई बकुळ. वर्षावृक्षाचं नाव परत कुणी काढलं नाही. ढग आले तशी त्याने आपली पानं मिटून घेतली.

संध्याकाळी फुलं झाडून झाली, खुर्च्या एकात एक गेल्या, तरी वीसेक माणसं मनोऱ्याकडे तोंड करून उभी होती. पाकोळ्या चिरचिरत आत शिरल्या. अंधार पडता पडता वरच्या झरोक्यातून काहीतरी पांढरं निघालं आणि रस्त्यावरच्या दिव्यांवरून आवाज न करता पलीकडे गेलं. खाली सिग्नलला उभ्या असलेल्या शंभरभर माणसांपैकी एकानेही मान वर केली नाही. तीस वर्षं मीही त्यांच्यातच.

घरी आले. बाबा पेपर घेऊन बसले होते.

"चर्चमध्ये होतीस म्हणे दिवसभर. चहा होता?"

"होता."

"प्यायलीस की नुसता धरलास?"

"दोनदा प्यायले. बिस्किटंही, बुडवून."

बाबांनी पेपर खाली ठेवला. "मग आता काशीचं तिकीट बघायला हवं," म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "पुढच्या वर्षी कधी आहे गं?"