घळीतला ट्रॅक अखेर ओढ्याच्या अलीकडे

मंडळी, घळीचा तिढा सुटला! धबधब्याच्या वाटेचा शेवटचा टप्पा जीपीएसच्या ट्रॅकवरून (चालताना यंत्राने नोंदलेल्या रेषेवरून) काढला, की नकाशावर सारखा ओढा ओलांडून पलीकडे जात होता. आता तो प्रत्यक्षात आहे तसा डाव्या कड्याला धरून बसलाय. रात्री फाइल उघडून रेषा पाहिली आणि इतका आनंद झाला, की ताईला पुन्हा पुन्हा झूम करून दाखवली.

बाकी वाटेचं थोडक्यात सांगते. फाट्यापासून घळीच्या तोंडापर्यंत रान विरळ आहे, तिथले ट्रॅक एकमेकांवर छान बसतात. वाट सोपी आहे हे आकड्यांतही दिसावं अशी माझी फार इच्छा होती, तेही झालं. नुसत्या जीपीएसच्या उंचीवरून चढ मोजला की दर वेळची खोटी वरखाली बेरजेत जाते आणि रमतगमत जायच्या वाटेला डोंगरचढाईचे आकडे चिकटतात. हवेच्या दाबावरून उंची काढणाऱ्या बॅरोमीटरवर एकूण चढ जेमतेम ९० मीटर आला. निघताना आणि परतल्यावर एकाच दगडावर वाचन घेतलं, म्हणजे मधल्या वेळात हवेचा दाब पालटला असेल तर तो वजा करता येतो. धबधब्याखालच्या डोहाजवळ मात्र यंत्र खिशात ठेवा. सेन्सरच्या भोकात तुषार गेले की उंची उड्या मारू लागते.

आता घळ. मागच्या नोंदीत आणखी ट्रॅक जमवून सरासरी काढायचा बेत होता, तो सोडला. चुका चारी बाजूंना विखुरलेल्या असतील तर सरासरीत कटतात. इथे सगळे ट्रॅक उजवीकडेच झुकलेले. डाव्या कड्याआडचा उपग्रह थेट दिसत नाही, त्याचा सिग्नल समोरच्या भिंतीवर आपटून येतो. १ नॅनोसेकंद उशीर म्हणजे ३० सेंटिमीटर जास्तीचं अंतर. रिसीव्हरला तो उपग्रह आहे त्याहून लांब वाटतो आणि आपला ठिपका उजवीकडे सरकतो. वर ओल्या पानांचं छत सिग्नल आणखी दुबळा करतं. आकाशाची उघडी पट्टी घळीच्या लांबीत धावते, त्यामुळे पुढेमागे जागा बरी कळते, आडवी मात्र फार वाईट. नेमकी आडवीच तर हवी आहे! १५ मीटर आडवी चूक झाली की वाट पलीकडच्या काठावर दिसते, आणि पाणी चढलेलं असताना कुणीतरी नकाशावर विश्वास ठेवून ओढ्यात उतरायचं.

त्यात ट्रॅक घ्यायला जायचा आमचा नेम दर रविवारी सकाळचाच. जीपीएसची उपग्रहमांडणी साधारण २३ तास ५६ मिनिटांनी पुन्हा तीच येते. आठवड्याने त्याच वेळी घळीत शिरलं तर ती फक्त २८ मिनिटं पुढे गेलेली असते. म्हणजे जवळपास तेच आकाश, तोच कडा आणि तीच चूक.

एल-५ ही जीपीएसची नवी फ्रिक्वेन्सीही पकडणारं दुहेरी फ्रिक्वेन्सीचं यंत्र उसनं आणून पाहिलं. परावर्तित सिग्नल ते नक्कीच जास्त चांगला ओळखतं, घळीच्या तोंडाशी फरक स्पष्ट दिसला. पण जिथे थेट सिग्नल पोचतच नाही तिथे तेही हतबल. आणि रेषा आपोआप गुळगुळीत करणारी ॲप मला मुळीच पटत नाहीत. चूक तशीच राहते, फक्त देखणी होते.

शेवटी जुना उपाय केला : कंपास आणि टेप. घळीच्या तोंडाशी एक मोठं झाड पडून छताला भोक पडलंय, तिथे एक पक्का बिंदू घेतला. दुसरा डोहाच्या खालच्या अंगाला, जिथे कडे मागे सरतात आणि आकाश बऱ्यापैकी उघडतं. दोन्हीकडे यंत्र बराच वेळ नुसतं ठेवून दिलं. इथे सरासरी कामाची! मधला सगळा भाग बेअरिंगवर, म्हणजे कंपासवर अंशांत वाचलेल्या दिशेवर. ताई ३० मीटरची टेप घेऊन पुढच्या वळणावर उभी राहायची, मी तिच्या लाल टोपीवर आरशाच्या कंपासची रेघ धरायची, मग ती उलट माझ्यावर. दोन बेअरिंगमध्ये १८० अंशांचा फरक पडला नाही की जवळ लोखंड किंवा चुंबक आहे हे समजायचं. एका जागी तो पडेना, तेव्हा ताईच्या फोन-कव्हरच्या झडपेतलं चुंबक सापडलं. फोन सॅकमध्ये टाकून सॅक लांब ठेवली आणि सुई जागेवर आली.

३० मीटरवर १ अंशाची चूक म्हणजे अर्धा मीटर. पानांखालच्या जीपीएसपुढे हे स्वर्गसुख आहे. उताराची दुरुस्ती मात्र विसरू नका, २० अंशांच्या उतारावर टेपचे ३० मीटर नकाशावर २८.२ भरतात. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक घालून रेषा काढली, तर डोहाकडच्या पक्क्या बिंदूशी जुळायला ४ मीटरची तूट राहिली. ती प्रत्येक तुकड्याच्या लांबीच्या प्रमाणात वाटून दिली आणि रेषा बंद झाली. दगडी पायऱ्या, आडवं मूळ, ओल झिरपणारा कातळ, सगळं आपापल्या जागी.

कंपाससाठी पैसे खर्च करायचे असतील तर आरसा आणि क्लिनोमीटर (चढ-उताराचा कोन मोजायची सोय) असलेलाच घ्या. फोनमधला कंपास दिशा दाखवायला ठीक, मोजायला नाही.

पुढच्या वेळी ओढ्याची रेषाही अशीच काढायची होती. पण वरचं उपग्रहांचं लिहिताना सुचलं, की आधी दुपारी जाऊन घळीच्या मध्यावर यंत्र तासभर ठेवावं. मांडणी बदलली की ठिपका कुठे सरकतो ते बघायचं, कारण आता तिथली खरी जागा आपल्याकडे आहे! तेव्हा ओढ्याच्या रेषेचं काम थांबेल. आणि क्लिनोमीटर बरोबर असणारच आहे, तर डोहाच्या काठावरून धबधब्याच्या माथ्याचा कोनही घेते. पायथ्यापर्यंतचं आडवं अंतर टेपने मिळालं तर उंची निघेल. लेझरचा मला भरवसा नाही, तुषारांत तो मधूनच परत फिरतो.

पायवाटेची सुधारित रेषा नकाशावर चढवली आहे. घळीतल्या तुकड्याला ‘कंपास-टेप मोजणी’ अशी टीप जोडलीय. कृपया कुणी तिथला नवा जीपीएस ट्रॅक पाहून ती रेषा सरकवू नका.